भिंतीवरून जाणारा पेपर

महाराष्ट्राबाहेरच्या बोरसीत आमच्या आणि शेजारच्या काकांच्या घरामध्ये एकच बुटकी भिंत. बाबा आणि काका दोघेही भंडाऱ्याकडचे, इथल्या स्टील प्लांटच्या एकाच शॉपमध्ये, म्हणजे विभागात, राबलेले, एकाच वर्षी रिटायर झालेले. दोघांत मिळून नागपूरचा मराठी पेपर यायचा, तोही दुपारी. बाहेरची पानं बाबांकडे, आतली काकांकडे. चहा झाला की भिंतीवरून अदलाबदल, आणि तिथेच भांडण.

"कावून भाऊ, तुमच्या नेत्याची बातमी आतल्या पानात कोंबली?" काका बाबांना डिवचायचे.

"आधी पुरतं वाच, मंग बोंबल!"

मी पायरीवर बसून ऐकायची. पुढे राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाले, घरातली पहिली पदवीधर. पण समोरच्याचं पुरतं ऐकून मग बोलायचं, हे मी त्या भिंतीपाशी शिकले. त्या दोघांचे उपकार मी विसरलेले नाही.

मग दोघांकडे स्मार्टफोन आले आणि पेपर बंद झाला. महाराष्ट्रातल्या निवडणुकीचे व्हिडिओ दिवसभर वाजू लागले, बाबांकडे बाबांना आवडणारे, काकांकडे काकांना आवडणारे. अदलाबदल करायला काही उरलंच नाही. एकदा समाजाच्या ग्रुपवर काकांनी टाकलेल्या व्हिडिओखाली बाबांनी लिहिलं, 'विकले गेलेले लोक.' काकांनी ग्रुप सोडला आणि भिंतीपाशी येणंही.

"बाबा, तिथं महाराष्ट्रात तुमचं मत नाही, काकांचंही नाही. दोघंही इथले मतदार," मी म्हटलं.

"मताचं काय? मले आता सगळं समजून राहिलं."

आपला नगरसेवक कोण, हे मात्र त्यांना सांगता आलं नाही.

उन्हाळ्यात काका घर विकून मुलाकडे पुण्याला निघाले. सामान आधीच गेलं होतं. ऑटो दाराशी उभा असताना ते भिंतीपाशी आले.

"बेटा, भाऊ घरी हायेत का?"

मी आत गेले. बाबा उठले, पायात चप्पल घातली, दारापर्यंत आले आणि परत खाटेवर बसले.

"सांग, झोपले म्हणून."

मी तसंच सांगितलं. आतून व्हिडिओतल्या माणसाचा चढा आवाज येत होता, तो काकांनाही ऐकू येत असणारच. त्यांनी भिंतीवर ठेवलेला हात हळूच काढला.

"झोपू दे भाऊले. उठवू नको," ते म्हणाले.

ऑटो वळला, दिसेनासा झाला. आत तो माणूस अजून बोलतच होता.