बंबावरची जागा

ब्रेकर हिलमध्ये कुणालाही विचारा, गावात सगळ्यात प्रसिद्ध कोण, तर ड्यूकचं नाव सांगतील. ड्यूक म्हणजे आमच्या होज कंपनीचा, म्हणजे गावच्या आग विझवणाऱ्या दलाचा, डाल्मेशियन कुत्रा, पांढऱ्यावर काळे ठिपके. बंबाच्या दारावर त्याचं चित्र आहे, जुलैच्या पिकनिकच्या टी-शर्टवर आहे, किराणा दुकानातल्या वर्गणीच्या डब्यावरही आहे. हा ड्यूक राहतो कुठे, असं विचारलं तर म्हणतील, "फायर स्टेशनात. दुसरीकडे कुठे राहील?"

तो राहायचा माझ्या समोरच्या घरात, बर्नाडीन शिमकोच्या स्वयंपाकघरात, शेगडीच्या बाजूच्या चटईवर.

आमच्या कंपनीत पगारी कुणी नाही. कुणी शाळेची बस चालवतो, कुणी गॅरेजात आहे, कुणी खाणीतून निवृत्त झालेला. भोंगा वाजला की हातातलं काम टाकून धावायचं, आग विझवून परत यायचं, आणि स्टेशनाला कुलूप लावायचं. कुलूपबंद गॅरेजात कुत्रा कसा ठेवणार? पण कुत्रा तर हवाच. बंबाला घोडे जुंपायचे त्या काळी हे कुत्रे घोड्यांबरोबर पळत. घोडे गेले, कुत्रा मात्र मुलांच्या रंगवायच्या पुस्तकांत, खेळण्यातल्या बंबांवर आणि सिनेमांत राहून गेला. शाळेची मुलं स्टेशन बघायला आली की शिडीकडे बघायच्या आधी विचारतात, "कुत्रा कुठाय?" नाही म्हटलं की त्यांचे चेहरे असे होतात, की चीफलाच आपण खोटे फायरमन वाटायला लागतो. म्हणून कंपनीने एक पिल्लू आणलं, आणि सांभाळणार कोण म्हटल्यावर अँडी शिमकोने हात वर केला. घरी येऊन बायकोला म्हणाला, "दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे गं."

"त्याचे ते दोन-चार दिवस अजून संपायचेत," बर्नी म्हणायची. तोवर चौथा ड्यूक आला होता. नाव प्रत्येकाचं तेच. गावाला ते सोयीचं होतं, बंबावरचं चित्र बदलायला नको.

एकाही ड्यूकने कधी आग पाहिली नाही. आग लागली की पुरुष बंबावर आणि ड्यूक बर्नीच्या पायाशी. त्याचे केस बारा महिने गळायचे. काळे केस बरोबर पांढऱ्या शर्टावर जाऊन बसायचे आणि पांढरे केस अँडीच्या समारंभाच्या काळ्या कोटावर. या जातीला मुतखडा फार लवकर होतो, म्हणून बर्नी त्याच्यासाठी वेगळा भात आणि अंडं उकडायची. स्टेशनातले बाप्ये त्याला लाडाने किलबासा भरवायला बघायचे. "तुम्हाला काय, तुम्ही दोन मिनिटं लाड करणार. रात्रभर अंगणात त्याच्याबरोबर उभं राहायचंय मला," असं म्हणून ती सॉसेजचा तुकडा हातातून काढून घ्यायची आणि स्वतः खायची.

अँडी वारला, मुलगी टेक्सासला गेली. बर्नीला ड्यूक राहिला, आणि ड्यूकमुळे स्टेशन राहिलं. आमच्याकडे बायकांनी पिकनिकसाठी सारण भरून पिरोगी करायच्या, बटाट्याच्या ब्लीनी तळायच्या, भांडी घासायची. कंपनीच्या बैठकीत बायकांचं काम नसतं. पण गुरुवारच्या सरावाला ड्यूकला नेणारी म्हणून बर्नी पुरुषांच्या टेबलाशी बसून कॉफी प्यायची, चीफच्या विनोदांना नावं ठेवायची. आणि जुलैच्या पिकनिकला बंबांची परेड निघते, त्या दिवशी बंबात पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी, ड्यूकला धरून बसायची. त्या दिवसासाठी ती केस सेट करून घ्यायची. चर्चला जाताना केस नुसते विंचरायची. परेडला मात्र पार्लर.

चौथ्या ड्यूकला ऐकू येत नव्हतं.

तो घरी आल्यावर आठवड्याभरातच तिला कळलं. तो चटईवर झोपला होता, आणि तिच्या हातून बिस्किटं भाजायचा पत्रा त्याच्या मागे धाडकन पडला. त्याचा कानही हलला नाही. तिने दोन भांडी घेऊन आपटून पाहिली. मग खुर्चीवर बसून राहिली. पिल्लं विकणारा माणूस शेजारच्या काउंटीतला. तिसऱ्याच्या वेळी तोच म्हणाला होता, की या जातीत काही पिल्लं बहिरी निघतात, ती आपण विकतही नाही आणि ठेवतही नाही. पुढचं त्याने सांगितलं नव्हतं, आणि पुढचं न कळण्याइतकी बर्नी भोळी नव्हती.

तिने कुणाला सांगितलं नाही. मला सांगितलं, कारण भांड्यांचा आवाज ऐकून मी धावत गेले होते. मग ती त्याला शिकवत बसली. लाकडी जमिनीवर टाच आपटली की ये. तळवा खाली की झोप. बोटं हलवली की सरपटत पुढे. अंगणातून बोलवायचं तर स्वयंपाकघरातला दिवा दोनदा बंद-चालू. शाळेत मुलांना धुराखालून सरपटायचं कसं ते तो असं करून दाखवायचा, की मास्तरीण टाळ्या वाजवायची.

आणि स्टेशनातले लोक? स्टेशनाच्या छपरावरचा भोंगा वाजला की गावातली सगळी कुत्री गळे काढतात. ड्यूक जांभई द्यायचा. "बघा, रक्तातच आहे याच्या," चीफ लेनी गॅव्हल्का परगावच्या लोकांना सांगायचा. "तिसरा पलंगाखाली जायचा. हा खरा फायरमन." परेडच्या शेवटी पन्नास गावचे बंब एकदम भोंगे वाजवतात, तेव्हा हा पुढच्या सीटवर ताठ बसलेला. काउंटीच्या मेळाव्यात त्याला धीराबद्दल कप मिळाला. लेनीने तो स्टेशनाच्या काचेच्या कपाटात ठेवला, आणि त्या वर्षीच्या टी-शर्टवर छापलं, 'ड्यूक घाबरत नाही.'

"आता काय करशील?" मी बर्नीला विचारलं.

"काय करणार? खोटं कुठंय ते? तो घाबरत नाहीच."

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सराव संपला. बंब मागे घेत आत आणत होते. बर्नी आत कॉफी ओतत होती, आणि ड्यूक दारातून बाहेर जाऊन रस्त्याकडे पाठ करून बसला, बंबाच्या बरोबर मागे. मागे जाताना बंब टीं-टीं वाजतो, तो वाजत होता. कंपनीतली पोरं ओरडली. लेनी ओरडला. ड्यूक स्टेशनाशेजारच्या झाडावरची खार बघत होता. ड्रायव्हरने ब्रेक दाबला तेव्हा बंबाची मागची पायरी त्याच्या शेपटीला लागत होती. लेनीने पट्टा धरून त्याला ओढलं. मग त्याच्या डोक्यामागे टाळी वाजवली. पुन्हा वाजवली. बर्नी कॉफीची किटली हातात धरून दारात आली आणि तिला बघूनच लेनीला सगळं कळलं.

रविवारी प्रार्थना झाल्यावर तो तिच्याकडे आला. मी तिथेच होते, बटाटे सोलत. लेनी आता पन्नाशीचा, पण लहानपणी शिमकोंच्या अंगणात वाढलेला. त्यामुळे सगळं गाव तिला बर्नी म्हणतं आणि हा एकटा अजून 'मिसेस शिमको'.

"मिसेस शिमको, तुम्ही सांगायला हवं होतं."

"हवं होतं."

"तो मेला असता. माझ्या डोळ्यांसमोर."

"हो रे लेनी. त्या दिवसापासून मला झोप नाही. माझी चूक ती, त्याची नाही."

लेनीने टोपी टेबलावर ठेवली, परत उचलली. "आणि तो कप! लोक म्हणतील, या गाढवांना बहिरा आणि शूर यातला फरक कळत नाही."

"कळत नव्हताच की."

त्याला हसू येत होतं, पण चीफ म्हणून आला होता, म्हणून त्याने ते गिळलं. "काल बैठक झाली. बहिरा कुत्रा बंबाजवळ नको, असं ठरलं. विमेवाल्यांना कळलं तर ते आम्हाला उभं करणार नाहीत. तो पिल्लंवाला बदलून द्यायला तयार आहे. नवं पिल्लू मादी आहे, कान तपासलेत. ती इथेच, तुमच्याकडेच राहील. गुरुवार तुमचा, परेड तुमची. काही बदलणार नाही."

"आणि याला नेऊन तो काय करील?"

लेनीने कॉफीचा कप बाजूला सारला. "तो म्हणाला, मी बघतो त्याचं."

बर्नीने जमिनीवर टाच आपटली. बाहेरच्या खोलीतून ड्यूक उठून आला आणि तिच्या मांडीवर हनुवटी ठेवून उभा राहिला. "आणि मी यालाच ठेवला तर?"

"ठेवा की. पण मग तो कंपनीचा नाही. नव्या पिल्लाला दुसरं घर बघावं लागेल. डार्लीन घेईल म्हणते." डार्लीन त्याची बायको. "आणि मग... गुरुवारी, परेडला, जो कुत्रा सांभाळतो तोच येतो ना. मी नियम केलेला नाही."

"दोन्ही ठेवले तर?"

"तुमच्या गुडघ्यांना विचारा."

तो गेल्यावर बर्नीने त्याचा कप धुतला. मग म्हणाली, "तुला वाटतंय ना, यात विचार करण्यासारखं काय आहे?"

मी खरोखर तेच म्हणणार होते.

"मला ती सीट आवडते गं. सांगायला लाज वाटते. वर्षभर मी समोरच्या भिंतीशी बोलते. त्या एका दिवशी सगळा रस्ता माझ्याकडे बघून हात हलवतो. मला माहितीये, ते कुत्र्याला हात हलवतात. पण मी हलवते ना परत." तिने ड्यूकच्या कानामागे खाजवलं. "गुरुवारी कुणीतरी विचारतं, बर्नी, तुझा खोकला कसाय. घरी कोण विचारतं?"

"मी विचारते."

"तू विचारतेस. पण उत्तर ऐकायच्या आधी औषध सांगतेस."

दोन-तीन दिवस तिने काही ठरवलं नाही. पिल्लंवाल्याला फोन केला, तोही मला सांगून. बहिऱ्या कुत्र्याला कुठे चांगलं घर बघाल का, असं विचारलं. तो माणूस सभ्यपणे म्हणाला, "बाई, असल्या कुत्र्याला कोण घेणार?" तिने "कळलं" म्हटलं आणि फोन ठेवला. मग कपाटातून कंपनीचा पितळी बिल्ल्याचा लाल पट्टा काढला, पुसला आणि कागदी पिशवीत घातला.

गुरुवारी ती एकटीच स्टेशनात गेली. नंतर ड्रायव्हरनेच मला सांगितलं. तिने पिशवी लेनीपुढे ठेवली आणि म्हणाली, "हा कंपनीचा. कुत्रा माझा." कुणीतरी खुर्ची पुढे सरकवली. "बसा ना बर्नी, कॉफी घ्या." ती म्हणाली, "नको, तो घरी एकटाय," आणि निघाली. ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत कुणी सरावाला हात घातला नाही, असं तो म्हणाला. म्हणजे त्यांनाही ते लागलं. पण मागे कुणी गेलं नाही.

पुढचे महिने तिला जड गेले. गुरुवार आला की ती संध्याकाळी उगाच कपाटं आवरायची. डार्लीनकडच्या पिल्लाने सोफ्याचा एक हात खाल्ला, हे कळलं तेव्हा तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

जुलैत परेड आली. त्या सकाळी बर्नी पार्लरला गेली नव्हती. आम्ही दोघींनी तिच्या अंगणाच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकल्या आणि बर्नीने ड्यूकला साधा निळा पट्टा घालून मध्ये बसवलं. आमचा बंब आला. पुढच्या सीटवर डार्लीन, नवा पांढरा ड्रेस, मांडीवर पिल्लू. पलीकडच्या बंबाने भोंगा दिला मात्र, पिल्लाने डार्लीनच्या बगलेत डोकं खुपसलं. डार्लीन हात हलवत होती आणि दुसऱ्या हाताने मांडी झाकत होती. ती का झाकत होती, ते आम्हाला दोघींना तिथून कळलं.

"बिचारी," मी म्हणाले.

"कुठली?" बर्नीने विचारलं.

परेड संपून तासही झाला नसेल, डार्लीन पिल्लाला काखेत मारून बर्नीच्या पायऱ्यांवर हजर. ड्रेसचा पुढचा भाग ओला आणि पिवळा, काजळ गालावर. "बर्नी, मला हे जमत नाही. रात्री रडते, दिवसा सगळं चावते. लेनी म्हणतो, सवय होईल. त्याला काय म्हणायला जातंय! तू ठेव ना हिला. निदान दिवसा."

बर्नीने पिल्लाला घेतलं नाही. पिल्लू तिच्याकडे झेपावलं तरी तिचे हात गुडघ्यांवरच होते. "नाही डार्लीन."

"आपण दोघी बसू बंबात. मी लेनीशी बोलते. तू, मी आणि ही मध्ये. तो नाही म्हणणार नाही."

बर्नीने ड्यूककडे पाहिलं. तो नव्या पिल्लाला नाकापासून शेपटीपर्यंत हुंगत होता. त्याने नको तेवढ्या जवळ जाऊन हुंगलं, तशी पिल्लू किंचाळलं आणि तो हुंगतच राहिला.

"मग त्या वेळी याच्यापाशी कोण बसेल?" बर्नी म्हणाली. "माझी इच्छा नाही असं समजू नकोस. खूप आहे. पण नाही."

डार्लीन तिथेच पायरीवर बसली. मग म्हणाली, "मला पिकनिकला ब्लीनी तळायला जायचंय. अशी कशी जाऊ?"

"सोमवारी सकाळी हिला घेऊन ये, रोज ये," बर्नी म्हणाली. "मी शिकवीन. पण हिला सोडून जायचं नाही. तूही बसायचंस. आणि येताना काहीतरी खायला आण, माझ्याकडे दोघांपुरतंच असतं."

मग ती आत गेली आणि आपला राखाडी स्कर्ट घेऊन आली. डार्लीनच्या कमरेला तो फार सैल होत होता. बर्नीने तिला उभं केलं, तोंडात सेफ्टी पिना धरल्या आणि मागून चुण्या घेत म्हणाली, "श्वास आत घे. अजून. तळणाशी उभी राहणारेस, लोंबता काठ नको, पेट घेईल."