दुरुस्तीबाई आणि न पेटलेली भट्टी

चष्म्याच्या दुकानावरच्या करसल्लागाराच्या ऑफिसात बाई नोकरीला लागल्या तेव्हा त्यांचं काम एवढंच होतं: फोन घ्यायचा आणि आलेल्या माणसाला "बसा, साहेब मोकळे होतायत" असं सांगायचं. साहेब लवकर मोकळे होत नसत. मग बसलेला माणूस कंटाळून बोलायला लागे, आणि बाई ऐकत.

ऐकता ऐकता त्यांना एक गंमत कळली. आत साहेब विचारायचे, "यंदा धंद्यात खर्च काय काय झाला?" त्यावर माणूस हमखास म्हणायचा, "विशेष काही नाही." त्याच माणसाला बाहेर बाईंनी "काल सकाळपासून काय काय केलंत?" असं विचारलं, की तो घडाघडा बोलत सुटायचा. व्हॅनचा टायर बसला, गोदामाचं कुलूप तोडावं लागलं, नवीन माणूस शिकवायला घेतला. एकदा एका केशकर्तनवाल्याचं आतलं उत्तर कानावर पडलं आणि बाईंना राहवेना. त्या सरळ केबिनच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, यांनी आरसे बदललेत. सगळेच्या सगळे."

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो, मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही खर्च विचारलात," केशकर्तनवाला म्हणाला. "आरसे कुठे विचारलेत?"

थोड्याच दिवसांत बाईंची खुर्ची आत गेली. संध्याकाळचे वर्ग, परीक्षा, एका विषयात गटांगळी, पुन्हा परीक्षा, असं करत त्या पक्क्या करसल्लागार झाल्या. कराचं काम रुक्ष असतं म्हणणाऱ्यांची त्यांना कीव येई. प्रत्येक माणूस म्हणजे एक अख्खा धंदा, आणि प्रत्येक धंद्याला आपलं एक बिंग. विवरणपत्र चोख जमलं की त्या खुर्चीतल्या खुर्चीत एक गिरकी घेत. ऑफिसात ते सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांचं नावही ऑफिसानेच ठेवलेलं. साहेबांचा इथे एक जुना दंडक होता. एकाने विवरणपत्र तयार करायचं, दुसऱ्याने कच्ची प्रत हिरव्या पेन्सिलीने तपासायची. हिरव्या पेन्सिलीने फक्त प्रश्नचिन्ह काढायचं, उत्तर लिहायचं नाही. चूक ज्याची, सुधारणा त्याची. बाईंच्याने ते होत नसे. चूक दिसली की हात शिवशिवे, आणि प्रश्नचिन्हाऐवजी सरळ नवा आकडाच उमटे. म्हणून दुरुस्तीबाई.

घरी नवरा सायकली दुरुस्त करी. तो म्हणे, "बरंय, दोघांचा धंदा एकच. फक्त मी गिऱ्हाइकाची सायकल नीट करतो. ती चालवायला त्याच्या घरी जात नाही."

"तुझं गिऱ्हाईक पडलं तर त्याचं ढोपर फुटेल. माझं पडलं तर त्याला नोटीस येईल."

"मग त्यांना चालवायला शिकव की!"

यंदाच्या विवरणपत्रांच्या हंगामाच्या तोंडावर साहेबांनी त्यांना बोलावलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला, नव्या बाजारात शाखा निघणार होती. "ती तुम्ही चालवावी असं मनात आहे. पण एक अट. हा हंगाम तुमच्या टोळीकडून करून घ्या. तुम्ही स्वतः एकाही विवरणपत्रात आकडा लिहायचा नाही."

बाई हवेत तरंगतच बाहेर आल्या. आपली शाखा! जिना उतरताना त्यांनी मनातल्या मनात खिडक्यांना पडदेसुद्धा लावून टाकले.

टोळी म्हणजे दोघं. एक मुरलेला कारकून, त्याला सगळे आजोबा म्हणत. दुसरी धाकटी, नुकती परीक्षा देऊन आलेली, हळू पण नेटकी. सुरुवातीला बाईंनी खरंच फक्त प्रश्नचिन्हं काढली. मग गर्दी वाढली. धाकटीला समजावून सांगायला लागणाऱ्या वेळात दोन विवरणपत्रं उरकतात, हे बाईंना दिसत होतं. हात शिवशिवले. एक आकडा, मग दुसरा. आजोबांनी पाहिलं आणि खोकून मान फिरवली.

शेवटच्या दिवशी दुपारी बेकरीवाल्याची कच्ची प्रत आली. त्याने नवी भट्टी घेतलेली, हे बाईंना पक्कं आठवत होतं. यंत्र वापराने झिजतं म्हणून त्यावर घसाऱ्याची वजावट मिळते. धाकटीच्या प्रतीत ती नव्हती. बाईंनी बेकरीला फोन लावला.

"भट्टी घेतलीत ना?"

"घेतली! मॅडम, हत्ती आहे हत्ती! दाराची चौकट काढावी लागली आत न्यायला!"

फोन ठेवला, वजावट घातली, बेरजा बदलल्या, सही केली. धाकटीला म्हणाल्या, "पाठवून दे."

धाकटी प्रत घेऊन जागेवर गेली. बराच वेळ काहीच पाठवलं गेलं नाही. मग ती परत आली आणि कागद टेबलावर ठेवला. बाईंच्या आकड्याशेजारी हिरवं प्रश्नचिन्ह होतं.

"हे काय?"

"ताई, हा आकडा तुम्ही लिहिलात. मग तपासणारं कोणी उरलंच नाही. म्हणून मी तपासला."

"मला तपासतेस?" बाईंचा आवाज चढला. आजोबांचा खोकला थांबला.

धाकटीचे कान लाल झाले, पण ती हलली नाही. "प्रत करतानाच मी बेकरीत गेले होते. त्यांना तुम्ही शिकवलंत तसंच विचारलं, काल सकाळपासून काय काय केलंत? ते म्हणाले, जुनी भट्टी पेटवली. नवी अजून प्लास्टिकात आहे. धुराड्याचं काम राहिलंय. वर्षभरात ती पेटलीच नाही, तर तिचा घसारा कसा धरायचा?"

बाईंनी पुन्हा फोन उचलला. "नवी भट्टी पेटवलीत कधी?"

"पेटवतोय कुठली! त्या धुराडेवाल्याचा पत्ता नाही. तुम्ही घेतली का विचारलंत, मी घेतली म्हणालो!"

चुकलेलं विवरणपत्र गेलं असतं तर बेकरीवाल्याला नोटीस आली असती, तीही बाईंच्या सहीने. ते आधी डोक्यात आलं. मग शाखा. आता गप्प बसून आकडा खोडला तर साहेबांना पत्ताही लागणार नव्हता. बाईंनी कागदाकडे पाहिलं. त्यांचाच प्रश्न बेकरीत फिरून त्यांच्याच टेबलावर परत आला होता, आणि आणणारी ही पोरगी त्यांनी घडवलेली होती. त्यांना हसू आलं, मोठ्याने. मग त्या कागद घेऊन केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच ठेवलं.

"साहेब, अट मोडली. बऱ्याचदा. आणि आज चुकलेसुद्धा. धाकटीने धरलं."

साहेबांनी प्रश्नचिन्ह पाहिलं. "मी लिहिलेल्या आकड्यावर या ऑफिसात कोणी असं चिन्ह काढलेलं नाही," ते म्हणाले. "बाकी किती राहिलंय?"

"ढीग आहे. मी जिथे जिथे लिहिलंय ते सगळं त्या दोघांकडून तपासून घेते. मी पेन धरणार नाही. शाखेचं नंतर बघा."

"मुदत आज संपतेय, बाई."

"म्हणून तर म्हणतेय."

मग ती दुपार अशी काही उधळली! बाई हात पाठीमागे बांधून टेबलांमधून फिरत होत्या. "हे कुठून आलं? हे त्यांनी सांगितलं की तू गृहीत धरलंस?" आजोबांची प्रत धाकटीकडे, धाकटीची आजोबांकडे. आजोबांनी धाकटीची एक चूक पकडली आणि लॉटरी लागल्यासारखे उभे राहिले. धाकटीने त्यांच्या दोन पकडल्या. ते म्हणाले, "बस बस, म्हातारा आहे मी!" बाईंचे हात पाठीमागे शिवशिवत राहिले, पण सुटले नाहीत. उजेड असतानाच शेवटचं विवरणपत्र गेलं आणि बाईंनी धाकटीला आपल्या खुर्चीत बसवून स्वतः एक गिरकी दिली.

साहेब दारात उभे होते. त्यांनी नव्या जागेचा नकाशा टेबलावर पसरला. "अट शेवटी पाळलीतच. टेबलं कुठे लावायची ते ठरवा. पुढच्या महिन्यात किल्ली मिळेल."

बाईंनी पेन्सिल उचलली, नकाशावर टेकवलीही. मग ती धाकटीच्या हातात दिली.

"तू मांड. मी विचारते."