सकाळी सातला घर बघायला जा

“घर बदला,” डॉक्टर म्हणाल्या. गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे सांगावं त्याच सुरात.

त्यांच्यासमोर माझा एचआरसीटी होता, म्हणजे छातीचे थराथरानं काढलेले बारीक फोटो. फुप्फुसांच्या खालच्या भागात जाळं धरल्यासारखं दिसत होतं. आजाराचं नाव हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. श्वासातून आत जाणारी एखादी गोष्ट फुप्फुसांना सोसत नाही आणि ती सुजतात. सूज फार दिवस राहिली की तिथे व्रण पडतात. त्याला फायब्रोसिस म्हणतात आणि ते व्रण भरून येत नाहीत. माझ्या बाबतीत ती गोष्ट होती कबुतरांची विष्ठा आणि पिसांची धूळ.

आता माझी चूक सांगते. खोकला सुरू झाला तेव्हा पहिल्या डॉक्टरांनी विचारलं होतं, “घरात पक्षी पाळलेत का?” मी ठामपणे नाही म्हणाले. पोपट नाही, लव्हबर्ड्स नाहीत. बाल्कनीत रोज सकाळी ओंजळभर ज्वारी टाकत होते, पण ते पुण्यकर्म, पाळणं कसलं? शेजारी बसलेल्या अविनाशनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानंही मान हलवली. त्या एका ‘नाही’मुळे पाच महिने मी दम्याचे पंप ओढत बसले. तुम्हाला हा प्रश्न कोणी विचारला तर खिडकीत, एसीच्या मागे, पाइपांच्या डक्टमध्ये कोण राहतं, तेही सांगा.

ज्वारी बंद करून भागणार नाही का, असं मी विचारून पाहिलं. स्वारगेटजवळच्या आमच्या इमारतीच्या डक्टमध्ये विष्ठेचा सत्तावीस वर्षांचा थर साचलेला आहे, हे अविनाशनं सांगितल्यावर डॉक्टरांनी औषधं लिहायला घेतली. मग म्हणाल्या, “स्टेरॉइड सुरू करते. सहा आठवड्यांनी पीएफटी करू. तोवर त्या हवेतून बाहेर पडा. जे व्रणात गेलं, ते मला परत आणता येणार नाही.” पीएफटी म्हणजे नळीत जोरात फुंकायचं आणि फुप्फुसांत किती दम उरलाय ते मोजायचं.

सहा आठवडे. मी वहीत अटी लिहिल्या. लिफ्ट हवी. वीज गेली तर जनरेटर हवा, कारण घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं यंत्र आलं होतं. हॉस्पिटल वीस मिनिटांत हवं. कबुतरं नकोत. आणि शेजारी बांधकाम नको. शेवटची अट ऐकून एजंट हसला. पुण्यात हसण्यासारखीच होती ती. जाता जाता त्यानं बजावलं, मशीनचं मालकाला सांगू नका, आजारी माणसाला घर देत नाहीत.

पहिलं घर विश्रांतवाडीत. दुपारी चारला बघितलं. बाल्कनीला जाळ्या, एकही पक्षी नाही. टोकन द्यायचं ठरलं, पण माझं मन घेईना. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला रिक्षा करून पुन्हा गेलो. कोपऱ्यावर एक माणूस ज्वारीचं पोतं उघडून बसला होता. येणारे-जाणारे त्याच्याकडून ज्वारी घेऊन चौकात टाकत होते. एक मोटरसायकल मधून गेली आणि शेकडो कबुतरं एकदम उडाली. मी मास्क घट्ट दाबला आणि रिक्षावाल्याला मागे वळायला सांगितलं.

दुसरं घर खडकवासल्याच्या बाजूला. तिथे मी एक अख्खं वाक्य न खोकता बोलले. अविनाशचा चेहरा उजळला. पण रविवारी संध्याकाळी आम्ही तिथून हॉस्पिटलपर्यंत घड्याळ लावून गाडी चालवली. धरणावरून परतणाऱ्या गर्दीत एक तास चाळीस मिनिटं लागली. त्या दिवशी मी बरी होते म्हणून निभावलं. ते घर सोडून दिलं.

चार आठवडे संपले. आता आंघोळीला स्टूल लागत होतं. रात्री झोपताना मला भीती वाटायची आणि मी ती अविनाशला सांगत नव्हते.

तिसरं घर कोथरूडच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. लिफ्ट, जनरेटर, हॉस्पिटल दहा मिनिटांवर. मालकीण आगाशेकाकू, सत्तरीच्या, वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या. आम्ही सातला पोचलो आणि वर बघितलं. काकू गच्चीवजा बाल्कनीत उभ्या राहून मुठीनं दाणे टाकत होत्या. चाळीस-पन्नास कबुतरं असतील.

अविनाश म्हणाला, चल. माझे पाय निघेनात. काकू खाली आल्यावर मी पार्किंगमधल्या खुर्चीवर बसून सगळं सांगितलं, मशीनसकट. एजंट फोनमध्ये तोंड घालून उभा राहिला. मीही दाणे टाकायचे, हे सांगितलं. दाणे बंद कराल का, असं विचारलं, आणि काय मागतेय ते मला कळतं, असंही म्हणाले.

काकू शांतपणे म्हणाल्या, “आमचे हे गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून टाकतेय. अकरा वर्षं झाली. तुम्ही दुसरं घर बघा.” आणि लिफ्टनं वर गेल्या.

मला त्यांचा राग आला नाही. माझ्या बाल्कनीत येऊन कोणी असं मागितलं असतं तर मीही दार लावलं असतं.

पुढच्याच दिवशी दुपारी जेवता जेवता माझा श्वास अडकला. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर आकडा भराभर उतरत गेला. पाच दिवस हॉस्पिटलमध्ये होते. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी खोकल्याची चौकशी करण्याआधी विचारलं, “घराचं काय झालं?”

तिसऱ्या दिवशी अविनाशला आगाशेकाकूंचा फोन आला, नंबर त्यांनी एजंटकडून घेतला होता. उद्या सकाळी सातला या, म्हणाल्या. तो गेला. परत आल्यावर माझ्या पलंगाशी बसून त्यानं सगळं सांगितलं. बाल्कनीची काच बंद होती. काकू आत खुर्ची टाकून बसल्या होत्या. बाहेर कठड्यावर कबुतरं रांगेनं बसली होती, काही काचेशी येऊन चोच मारत होती.

“आज चौथा दिवस,” त्या त्याला म्हणाल्या होत्या. “कमी झालीत. जाळीवाला उद्या येतोय. सगळं ओलं धुवायचं, कोरडा झाडू मारायचा नाही, हे मी विचारून घेतलंय. मला शिकवू नका.”

आम्ही दोघं वॉर्डात, शेजारच्या पेशंटसमोर रडलो.

डॉक्टरांनी धुलाईनंतर दहा दिवस थांबायला लावलं. तोवर मी नणंदेकडे राहिले. सहा आठवड्यांची पीएफटी आठव्या आठवड्यात झाली. “सुधारणा नाही,” डॉक्टर म्हणाल्या, “पण घसरण थांबली. यावर आपण खूष व्हायचं.” गेलेला श्वास गेला. उरलेल्यात मी स्वयंपाक करते, वाचते, भांडतेही.

राहायला आल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी काकू दारात उभ्या. “सात वाजले की हात रिकामे राहतात,” त्या म्हणाल्या. “डॉक्टरांनी तुम्हाला चालायला सांगितलंय ना?” तेव्हापासून आम्ही रोज पार्किंगमध्ये फेऱ्या मारतो. त्या माझ्या चालीनं चालतात, फार बोलत नाहीत. आभार मानायला गेले तर विषय बदलतात.

काल आठव्या फेरीला भिंतीवर एक कबूतर येऊन बसलं आणि काकूंकडे बघत राहिलं. मी थांबले. काकूंनी जोरात टाळी वाजवून ते उडवून लावलं. मग पदरानं डोळे पुसले आणि माझा दंड धरला.

“थांबलात कशाला?” त्या म्हणाल्या. “चला.”