मावशींची पडवी

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी आमचं श्रमदानाचं शिबिर वेल्ह्याकडच्या एका गावात होतं आणि नेमका त्याच आठवड्यात रमजान लागला. मी भोंगवलीची, भोरच्या कॉलेजला एसटीने जायचे. शिबिरात मुसलमान मी एकटीच.

शिबिर घेणाऱ्या आमच्या सरांनी आधीच विचारलं, "उन्हात चर खणायचेत. चक्कर येऊन पडलीस तर?"

"सर, घरी रोजा धरून हरभरा उपटते मी."

त्यांनी खणायला जाऊ दिलं. अडचण नमाजाची झाली. आमचा मुक्काम गावच्या शाळेत होता. दुपारनंतर व्हरांड्याच्या टोकाला मी ओढणी अंथरली, तर सर घाईने आले. "इथे नको. कुणी मोबाईलवर व्हिडिओ काढून पसरवलं, तर निस्तरायचं कुणी?" आवाजात राग नव्हता, भीती होती. मी ओढणी झटकून घडी घातली. सरळ घरी निघून जावं असं वाटलं.

स्वयंपाकाला गावातल्या एक मावशी होत्या. संध्याकाळी चुलीमागे मी खजूर खाऊन रोजा सोडत होते, ते त्यांनी पाहिलं.

"चोरून काय खातीस गं?"

मी रोज्याचं सांगितलं. नमाजाचंही.

"दिसभर पानी न्हाई, आन खनत व्हतीस?" त्यांनी तव्यावरची भाकरी माझ्या ताटात टाकली. "उद्यापास्नं आमच्या घरला येत जा. पडवी सारवलेली हाय. तितं कोन काय बोलत न्हाई."

सरांना विचारलं. ते म्हणाले, जा, पण एकटी नको. सोबत दिली ती आमच्या गटाची प्रमुख मुलगी. "हिच्यासाठी आम्ही काम सोडायचं का?" असं ती माझ्यासमोरच म्हणाली होती. दोन दिवस ती अंगणात माझ्याकडे पाठ करून मोबाईल बघत बसली. तिसऱ्या दिवशी वाकताना माझ्या पाठीत कळ आली आणि मी विव्हळले, तेव्हा ती वळून म्हणाली, "बसून केलं तर चालत नाही का?"

"चालतं."

"मग बसून कर की! उगीच हट्ट."

मी बसून नमाज पढले. त्यानंतर नमाजाआधी हात-पाय धुवायला बादली तीच भरून ठेवायची.

निघताना मावशींनी नाचणीचं पीठ बांधून दिलं. कॉलेजात नमाजाला जागा शेवटपर्यंत मिळाली नाही. पण पुढच्या रमजानात माझं प्रॅक्टिकल संध्याकाळचं, नेमकं रोजा सोडायच्या वेळी आलं, तेव्हा सरांनी मी न सांगताच मला सकाळच्या बॅचमध्ये घेतलं. आभार मानायला गेले, तर म्हणाले, "बरं, बरं. वेळेवर ये."