आईने चाखलेली मधाची बिअर

बाबा गेल्यानंतर मी कामावर परत गेले, त्या दिवशी चाखायला मधाची बिअर होती.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, एक छापखाना आणि एक खोके बनवणारा कारखाना यांच्या मध्ये आमची छोटी ब्रूअरी आहे. मी मायक्रोबायॉलॉजी शिकलेली. यीस्ट जिवंत आहे का, टाकीत नको ते जंतू शिरलेत का, हे बघणं माझं काम. दुसरं काम चाखणं. दर खेपेची बिअर बाटलीत भरण्याआधी आम्ही तिघं टेबलाशी बसतो आणि ती बाहेर जाऊ द्यायची की नाही ते ठरवतो. एक बिअर बनवणारा ब्रूअर, एक मी आणि एक विक्री बघणारी मुलगी. लोकांना वाटतं, काय झकास नोकरी आहे! प्रत्यक्षात सकाळपासून तिखट खायचं नाही, अत्तर लावायचं नाही, दोन-तीन घोट घ्यायचे आणि डोकं ताळ्यावर ठेवून बोलायचं, एवढंच असतं.

बाबांचं जाणं अचानक नव्हतं. आजोबा गिरणीत होते, बाबा विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर. कारखाना चालू होता तेव्हाही ते प्यायचे, बंद पडल्यावर जास्त प्यायला लागले. मारहाण, शिवीगाळ असलं काही नव्हतं. येऊन गप्प बसायचे आणि ताट तसंच राहायचं. कधी घरापर्यंत यायचेच नाहीत, रस्त्यात कुठेतरी बसून राहायचे, मग आई आणि मी त्यांना आणायला जायचो. घाटकोपरला आमच्या भटवाडीच्या चढावर अशा आणायला निघालेल्या बायका बऱ्याच दिसायच्या. त्याची लाज वाटायचं एक वय होतं, तेही सरलं. मग लिव्हर गेलं. डॉक्टरांनी दम भरला आणि शेवटची दोन वर्षं त्यांनी थेंबही घेतला नाही. तोवर उशीर झाला होता.

माझ्या नोकरीबद्दल त्यांनी एकदाच विचारलं होतं, "फुकट गावता काय गो?" मी नाही म्हटल्यावर हसले होते. पण आमच्याकडे उकळायचा दिवस असला की संध्याकाळी दार तेच उघडायचे आणि मी चपला काढेपर्यंत तिथेच उभे राहायचे. भिजवून शिजवलेल्या धान्याचा तो गोडसर वास माझ्या कपड्यांना लागलेला असायचा. "आज उकळवल्यात वाटता," एवढंच म्हणायचे, एक श्वास घ्यायचे आणि टीव्हीसमोर जाऊन बसायचे. आई हे स्वयंपाकघरातून बघायची.

ते गेले तेव्हा मी रडले नाही. आईही नाही. चुलतभावाने सगळं केलं. गावाहून माणसं आली, बसली, जेवली, गेली. एका मावशीने मला जवळ ओढून "रड गो बाय, मोकळी हो," म्हटलं. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि तिच्या पदराला येणारा डांबरगोळ्यांचा वास घेत राहिले. कपाटात बराच काळ ठेवलेली साडी दिसते, असं वाटलं. दुसरं काहीच वाटलं नाही.

त्यामुळे कामावर जाणं कठीण नव्हतं. ब्रूअर माझ्याच वयाचा, दहिसरचा. आम्ही एकमेकांना अरे-तुरे करतो. "ओके आहेस ना?" त्याने विचारलं. "हो रे," मी म्हटलं. त्याने ग्लास माझ्याकडे सरकवला.

बिअर बेल्जियन धाटणीची होती. त्या यीस्टची खोड अशी, की ते नुसती दारू करून थांबत नाही, वासही सोडतं. लवंगेचा, पिकल्या केळ्याचा, जरासा मिऱ्याचा. त्यात या वेळी आम्ही सह्याद्रीतला, जांभळाच्या फुलांचा मध घातला होता. तो उकळी उतरल्यावर घातला, म्हणजे वास उडून जाऊ नये. मध घातला म्हणजे बिअर गोड होणार अशी लोकांची कल्पना असते. तसं होत नाही. मधातली जवळजवळ सगळी साखर यीस्ट खाऊन टाकतं. बिअर उलट हलकी आणि कोरडी होते. मध उरतो तो नाकापुरता.

मी ग्लास उजेडात धरला. रंग जुन्या पितळेसारखा, किंचित धूसर. फेस पांढरा, दाट, लवकर न बसणारा. नाकाला आधी लवंग आली, मग केळं, मग मध. इथे मी थांबले. कारण शिळ्या होत चाललेल्या बिअरलाही मधासारखा वास येतो. तो घातलेल्या मधाचा नसतो, हवा लागल्याचा असतो. दोन्हींतला फरक सांगणं हेच त्या दिवशीचं खरं काम होतं. पुन्हा वास घेतला. शिळ्या वासामागे ओल्या पुठ्ठ्याची छटा असते, ती नव्हती. जो होता तो फुलांचा होता आणि मागून थोडा तुरटपणा. मग घोट घेतला. वाइन चाखणारे थुंकतात, आम्हाला थुंकून चालत नाही. बिअरचा कडूपणा जिभेच्या मुळाशी, गिळतानाच कळतो. कडूपणा बेताचा होता. शेवट कोरडा. घशात हलकी ऊब.

"मध खरा आहे," मी म्हटलं. "शिळेपणा नाही. लवंग जरा पुढे पुढे करतेय. पुढच्या खेपेला आंबवताना तापमान थोडं वाढव, केळं वर येईल."

"मलाही लवंग जास्तच वाटली," ब्रूअर म्हणाला. "पण तुला आवडली का?"

"चांगली आहे."

"चांगली आहे ते कळलं गं. आवडली का?"

मी आणखी एक घोट घेतला. नाक चालत होतं, जीभ चालत होती. दोन्ही आपापली बातमी आत पाठवत होती, पण ती घ्यायला आत कोणी नव्हतं. पूर्वी एखादी बिअर जमून आली की मला आपोआप हसू यायचं, ब्रूअर त्यावरूनच ओळखायचा. त्या दिवशी तो माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

"नाही सांगता येत," मी म्हटलं.

"मला जाम आवडली यार," विक्रीवाली मुलगी म्हणाली आणि तिने उरलेला ग्लास संपवला.

"ठीक आहे," ब्रूअर म्हणाला. "पास."

घरी आईचं सगळं पूर्वीसारखंच चाललं होतं. बाबांसाठी दोन वर्षं बेताच्या मिठाचं शिजत होतं आणि आम्हीही तेच खात होतो. ते गेल्यावरही ती तसंच शिजवत राहिली. मीही वरून मीठ घेतलं नाही. हे आम्हा दोघींच्या कधी लक्षातच आलं नाही. एकदा चुलतभाऊ जेवायला आला, त्याने पहिल्याच घासाला मीठ मागितलं, तेव्हा कळलं.

त्याच आठवड्यात मेथी निवडताना, मान वर न करता तिने विचारलं, "तू थंय चाखतंस म्हणजे काय करतंस?"

आई मुंबईत संसार करून म्हातारी झाली, पण घरात बोलते ती मालवणीच. मी तिला सांगितलं, रंग बघतो, वास घेतो, दोन घोट पितो, काही बिघडलंय का ते बघतो.

"आणि मगे सांगतंस, बरी की वायट?"

"हो."

"माका आण येक."

"काय?"

"बाटली. तुमची ती. माका चाखून बघूची आसा."

"आई, तू आयुष्यात कधी थेंब तरी..."

"कधीच घेवक नाय. म्हणान तर." तिने देठ मोडून बाजूला टाकला. "तेका काय गावत होता ता बघूचा आसा. जन्म गेलो माझो त्या वासात. चव ठावक नाय."

बाबा बिअर प्यायचे नाहीत, देशी प्यायचे आणि नंतर क्वार्टर, त्यात आणि आमच्या बिअरमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मी तिला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"आसांदे," ती म्हणाली. "तरी आण."

रविवारी दुपारी, जेवणं आटोपल्यावर मी मधाच्या बिअरची बाटली फ्रिजमधून काढली. आई भिंतीला टेकून खाली बसली आणि तिने स्टीलचा पेला पुढे केला. मी म्हटलं, काचेचा हवा, रंग दिसला पाहिजे. तिच्या लग्नात आलेला काचेच्या ग्लासांचा सेट शोकेसमध्ये होता, कधी न वापरलेला. मी त्यातले दोन धुऊन आणले आणि दोघींना ओतली.

"आधी बघायची," मी म्हटलं. "मग वास घ्यायचा. लगेच प्यायची नाही."

"पूजा आसा काय?" ती म्हणाली. पण तिने ग्लास नाकाशी नेला आणि डोळे मिटले. "लवंग."

"बरोबर."

"केळा?"

"हो. आणि?"

ती बराच वेळ वास घेत राहिली. "आणि काय नाय."

"मध आहे."

"मध खंय आसा?"

"वासात आहे थोडा. चवीत नाही सापडायचा. त्याची गोडी यीस्टने खाल्ली."

"सगळी?"

"जवळजवळ."

"हूं," ती म्हणाली आणि काढा घेतात तसा तिने घोट घेतला. तोंड वाकडं झालं, मग सरळ झालं. "कडू." दुसरा घोट घेतला. "आंबट आसतली असा वाटलेला. तशी नाय."

तेवढ्यात बेल वाजली, मी दार उघडलं. मिक्सरचं भांडं परत द्यायला शेजारच्या काकू आल्या होत्या. आईने माशा बसू नयेत म्हणून झाकतात तशा दोन्ही ग्लासांवर ताटल्या ठेवल्या, बाटली पदराआड घेतली आणि जागेवरूनच काकूंना म्हणाली, "थंयच ठेव."

"कसला गं वास येतोय?" काकूंनी विचारलं.

"मधाचो," आई सरळ चेहऱ्याने म्हणाली. "चेडवाक खोकलो झालो."

"मग त्यात हळद घाल," काकू मला म्हणाल्या आणि गेल्या. मी दार लावून आईकडे बघितलं, तिने माझ्याकडे. हसू येण्यासारखं होतं. दोघींनाही आलं नाही.

तिने ताटली काढली आणि उरलेली बिअर हळूहळू, एकही थेंब न ठेवता संपवली. ग्लास खाली ठेवून हात मांडीवर घेतले आणि बसून राहिली. दवाखान्यात आपला नंबर यायची वाट बघत बसतात तशी.

"आता काय होता?" तिने विचारलं.

"काही नाही. थोडं हलकं वाटेल. कान गरम होतील."

तिने कानाला हात लावून बघितला. पंखा फिरत होता. खाली कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं आणि ती चालू होत नव्हती. आई समोरच्या भिंतीकडे बघत होती. कान लाल झाले होते, एवढं मला दिसलं.

"इतक्यासाठी?" ती म्हणाली.

ती मला विचारत होती की नाही, कोण जाणे. माझ्याकडे उत्तरं होती. दारू मेंदूत काय करते, सवय कशी लागते, शरीर मागायला कसं लागतं, हे सगळं मी शिकलेले आहे. पण "त्यांची वेगळी होती," एवढंच मी म्हटलं.

"वेगळी म्हणजे काय? कडूच ना."

"हो."

मी विचारलं, "बरी आहे की वाईट?"

"ही तुझी? वायट नाय. स्वच्छ आसा." तिने रिकाम्या ग्लासात बघितलं. "पण माका आवडाक नाय."

मग ती तिथेच, चटई न घालता, हाताची उशी करून आडवी झाली आणि झोपली. आईला मी दुपारी झोपलेलं कधी बघितलं नव्हतं. बाबा घरी येईपर्यंत जागं राहायची तिची सवय इतकी जुनी, की त्यांनी पिणं सोडल्यावरही जरा खुट्ट झालं की ती उठून बसायची. त्या दिवशी तोंड उघडं टाकून, घोरत झोपली. मी तिचा ग्लास धुतला. बाटली बिल्डिंगच्या कचऱ्यात नको म्हणून ऑफिसच्या बॅगेत टाकली. मग तिच्याजवळ येऊन बसले. माझी बिअर अजून अर्धी होती, पण ती गरम झाली होती. मी मोरीत ओतून आले. मधूनमधून तिच्या छातीकडे बघत होते, वर-खाली होतेय ना. ही सवय बाबांमुळे लागलेली.

अंधारून आल्यावर ती जागी झाली. "दिवो लावूक नाय तू?"

मी देवाजवळ दिवा लावला. तिने चूळ भरली, चहा टाकला. त्या बिअरबद्दल ती पुन्हा कधी बोलली नाही.

बिअर बाजारात गेली. अंधेरीच्या एका बारमध्ये ती पहिल्यांदा पिंपातून थेट नळाला लागली त्या संध्याकाळी आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं. ऑफिसातून सुटून आलेली पोरं-पोरी घोळक्याने उभी होती. एकाने पहिला घोट घेऊन मित्राला म्हटलं, "अरे, मध लागतो बघ खरंच!" त्याला लागला असेल. ब्रूअर खूश होता. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बघ ना, कशी उचलतायत." मी छान म्हटलं. लोक पिताना त्यांचे चेहरे बघत राहिले. आवडणं आधी डोळ्यांत येतं, ओठांवर नंतर. मी ते नीट ओळखू शकत होते.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला आई मुलुंडला मावशीकडे राहायला गेली. जाण्याआधी बाबांचे कपडे तिने एका चादरीत बांधले आणि चुलतभावाच्या हवाली केले. मी विचारलं, काही ठेवायचंय का. ती नको म्हणाली. रिक्षाने मी तिला पोचवून आले. संध्याकाळी तिचा फोन आला.

"जेवलंस?"

"हो."

"काय?"

मला आठवावं लागलं. "आमटी-भात."

"बरा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.