रशीदभाईंच्या नाकातला फाया

"झाकण लाव! अबे, झाकण लाव आधी! पुरा सत्यानाश करशीन का बापू?"

रशीदभाई जीपच्या मागून ओरडत आले तेव्हा माझ्या हातात निळ्या चिठ्ठीची एक बाटली उघडी होती आणि त्यांच्या दोन्ही नाकपुड्यांत कापूस होता. माझ्या नोकरीचा तो पहिलाच दिवस. मी घाबरून झाकण लावलं. त्यांनी कापूस काढला, झटकला आणि उजव्या कानात ठेवून दिला. हिन्याच्या अत्तराचा फाया होता तो. साऱ्या जगात माणसं वास यावा म्हणून अत्तर लावतात. दुसरा वास येऊ नये म्हणून लावणारा हा एकटाच.

कारणही तसंच होतं. त्यांच्या सात पिढ्यांनी चंद्रपूरच्या परकोटाच्या आत तेलघाणी चालवली. घाणी बंद पडली, नाक चालूच राहिलं. दूर तिकडं कोरपन्याला कुणी फोडणी दिली तर रशीदभाई चंद्रपुरात बसून तेल सांगत. वारा बरा असला तर फोडणी देणारीचं माहेरसुद्धा. हे मी स्वतः पाहिलंय, निदान अर्धं तरी.

ही नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. शहरातून आलेल्या एका डॉक्टरीणबाईंसाठी आम्ही दोघं चंद्रपुरापासून गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांपर्यंत फिरत होतो. गरोदर बायांना रोज दोन चमचे तेल द्यायचं. एका रंगाच्या बाटलीत जवसाचं, दुसऱ्या रंगाच्या बाटलीत फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं. लाल कुठलं, निळं कुठलं, ते फक्त बाईंच्या कुलपात. कोणत्या बाईला कोणती बाटली, ते चिठ्ठ्या टाकून ठरे. जवसातल्या, फल्लीत नसलेल्या स्निग्धाम्लापासून शरीर मेंदूला लागणारी चरबी बनवतं; पण कुणाचं जास्त बनवतं, कुणाचं कमी, आणि ते रक्तातून वारशानं येतं, म्हणून रक्ताचाही एकेक थेंब घ्यायचा. मूल झालं की महिन्याच्या महिन्याला त्याचं डोकं फितीनं मोजायचं. मोजणाऱ्याला तेल कळलं तर माया फीत सैल धरते, असं बाई म्हणत. म्हणून दोन्ही तेलांत त्यांनी संत्र्याचा अर्क टाकला होता आणि त्या निश्चिंत होत्या. तेल्याच्या पोराला संत्र्यानं फसवणार! फाया ही रशीदभाईंची स्वतःची सोय.

"बाईले नाकाचं कायले सांगाचं?" ते म्हणत. "बंदच करून टाकू."

थंडीत, धान निघाल्यावर, त्याच शेतांच्या बांध्यांमध्ये जवस निळा फुलायचा. सकाळी जीप त्या निळ्यात शिरली की चाकांचा आवाज बुडून जाई आणि आपण रस्त्यावर आहोत की तळ्यावर, ते कळेनासं होई. माझ्या हिशेबानं एकदा आम्ही तिथं तीन दिवस उभे होतो. रशीदभाई स्टिअरिंगवर हनुवटी टेकून हळू आवाजात बोलत, जणू फुलं जागी होतील.

"हरेकाच्या आंगात एक घाणी हाय बापू. बापजाद्यानं बसवलेली. जवस सारेच टाकतेत. कोनाची घाणी तेल देते, कोनाची नुसती कुरकुरते." मग काच पुसत, "माही अम्मी म्हातारपणी माहं नाव विसरली. तेल नाई विसरली. पोटात असताना जे तेल भेटते ना, थेच शेवटपर्यंत जळत राह्यते."

त्यांची लेक शमीम दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचा पहिला मुलगा चार वर्षांचा झाला तरी एक शब्द बोलला नव्हता. या खेपेचं मूल बोलेल ना, हीच त्या घरातली एकुलती एक काळजी. तिनं आपणहून यादीत नाव घातलं. चिठ्ठी निघाली निळी.

एका दुपारी रशीदभाई पडवीत झोपले होते. झोपताना कोण नाकात कापूस घालतो? स्वप्नात त्यांच्या आजोबांची घाणी फिरत होती. बैल ढगावरून चालावा तसा चालत होता आणि आजोबा ओंजळीओंजळीनं फल्लीदाणे टाकत होते. "दादा, जवस टाका ना," रशीदभाई विनवत होते. आजोबांनी मान हलवली. जाग आली तर दोन हातांवर शमीम बाटली उघडून चमचा भरत होती आणि संत्र्याच्या आडून फल्लीचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा जीपमध्ये लाल बाटल्यांची अख्खी पेटी होती.

"भाऊ, एक उचला," मी म्हणालो. "मी तिकडं पाहतो."

"तिकडं कायले पाह्यतं? किती बाया हाएत निळ्यावर! त्याहीच्या लेकराच्या डोक्यात काय भुसा भराचा हाय?"

ते पेटीवर हात ठेवून बसून राहिले. समोर मोहाच्या झाडावरून फुलं गळत होती, इतकी सावकाश की एकेक फूल खाली येईपर्यंत माझं लग्न होऊन नातवंडं झाली असती. मग ते उठले आणि त्यांनी बाईंना सगळं सांगून टाकलं. मोजायची फीत परत केली. "माहा हात आता खरा नाई राह्यला." मलाही तेल कळलं होतं, म्हणून त्यापुढं डोकी बाईंनी नेमलेल्या नर्सनं मोजली; त्यांनी फक्त गाडी चालवली, मी पेट्या उचलल्या. बाई म्हणाल्या, तेल कुठलं ते लेकीला सांगू नका; पण ती केव्हाही थांबू शकते, तिला आठवण करून द्या. त्यांनी दिली. "नको वाटत असन तं सोडून दे."

"काऊन?" शमीम म्हणाली आणि तिनं चमचा भरला.

मुलगी झाली. रशीदभाई रोज पाळण्याशी तोंड नेऊन बसत. वर्ष सरलं, सव्वा झालं. पाळण्यातून नुसतं पाहणं. त्या दिवसांत त्यांची दाढी आठवड्यात पांढरी झाली. सोमवारी काळी होती, मी साक्षीदार आहे.

दीड वर्षाची होत आली तेव्हा एका सकाळी मी तिथं चहा पीत होतो. पोरगी रांगत आली, त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "नाना."

रशीदभाई ढसाढसा रडले. वर्धा नदीला पूर आला असेल तर तो त्यामुळंच. रडतारडता, मी बसलो आहे हे विसरून, लेकीपुढं हात जोडले. "बेटा, मले मालूम होतं. तुह्या बाटलीत फल्ली होती. दोन वर्स होत आले, म्या तुले सांगतलं नाई."

शमीम पोरीचं नाक पुसत होती. तिनं मान वर केली नाही.

"मले बी मालूम होतं. पेत तं मीच होती."