डोळ्यांच्या दवाखान्याची वेबसाइट

आमचा डिझायनर वेबसाइटसाठी कल्पना शोधायला बुधवार पेठेतल्या दुकानांत जाऊन लग्नपत्रिका चाळायचा. डोळ्यांच्या दवाखान्याच्या साइटलाही त्यानं पत्रिकेतलीच नाजूक सोनेरी अक्षरं दिली. साइट बघायला डॉक्टर आमच्या खराडीच्या ऑफिसात येऊन बाहेरच्या खोलीत बसले, आणि आत मला पडद्यासमोर डोळे बारीक करताना बघून डिझायनर म्हणाला, "मॅडम, चष्मा काढून वाचा."

"चष्म्याशिवाय मला काय दिसणार?"

"मग त्यांच्या पेशंटना काय दिसणार?"

त्यानं लगेच साइटचं रूप ठरवणारी सीएसएस फाइल उघडली. अक्षरं मोठी आणि काळी केली, तशी सगळी मांडणी कोसळली.

"अरे, डॉक्टर ताटकळलेत. हे काम गेलं तर?"

"पुढची ओळ वाचा."

तो एकेक चौकट जागेवर आणत होता. शेवटी दवाखान्याचा फोन नंबर मी चष्म्याशिवाय, न अडखळता वाचला. मगच तो डॉक्टरांना बोलवायला उठला.